कुंपणाने शेत खाऊ नये
अल्प स्मृतीच्या सर्व्हरवरील देखरेख आणि हलक्या संदेशसाधनांची निवड

'सर्व्हर डाउन आहे, उद्या या.' हे वाक्य आता खेड्यापाड्यांतही अपरिचित राहिलेले नाही. उत्पन्नाचा दाखला, उताऱ्याची प्रत, शिधावाटप, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा कितीतरी कामांच्या मागे कोठेतरी एक संगणक अहोरात्र चालू असतो. तो थांबला की खिडकीपुढची रांगही थांबते. शेतावरील खाडा करून आलेल्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि मुदतीच्या अखेरच्या दिवशी आलेल्या विद्यार्थ्याचे वर्षही धोक्यात येऊ शकते. असा संगणक बंद पडण्यापूर्वीच तो अडचणीत असल्याची वार्ता जबाबदार व्यक्तीला मिळावी, यासाठी जी व्यवस्था केली जाते तिला देखरेख म्हणतात. ही वार्ता वाहून नेणारे साधन कसे असावे, विशेषतः संगणकाची स्मृती तुटपुंजी असताना ते कसे निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुबलगुंडीचे उदाहरण

बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडी हे गाव आपण उदाहरणादाखल डोळ्यांपुढे ठेवू. बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमेलगतचा हा भाग. येथे कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या भाषा एकाच बाजारात कानी पडतात. समजा, अशा गावातील शाळेत किंवा ग्रंथालयात एक लहान सर्व्हर ठेवला आहे. त्यावर पुस्तकांची सूची, विद्यार्थ्यांची नोंद आणि काही अर्ज साठविलेले आहेत. यंत्र स्वस्तातले असून त्याची स्मृती ५१२ मेगाबाइट आहे. वीज अधूनमधून जाते, जोडणीही कधी मंदावते, आणि संगणकाचा जाणकार मात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. दुबलगुंडी हे नाव येथे केवळ नमुन्यादाखल घेतले आहे. अशी परिस्थिती असलेली गावे सीमेच्या दोन्ही बाजूंना पुष्कळ आढळतील.

अशी लहान यंत्रे कुचकामी असतात असे मुळीच नाही. २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती, आणि तरीही जगभरातील शाळांतून व प्रयोगशाळांतून त्याचा उपयोग झाला. लहान यंत्र पुरेसे ठरते, मात्र त्यावर टाकावयाच्या प्रत्येक कामाचा हिशेब ठेवावा लागतो.

स्मृती म्हणजे कामाचे मेज

संगणकातील साठवण आणि स्मृती यांतील भेद प्रथम स्पष्ट करणे इष्ट होईल. कचेरीत भिंतीलगत कपाट असते आणि लिपिकापुढे मेज असते. सारे दप्तर कपाटात राहते, पण ज्या कागदांवर काम चालू आहे तेच मेजावर येतात. साठवण हे कपाट होय आणि स्मृती हे मेज. कपाट कितीही मोठे असले, तरी मेज लहान असल्यास एका वेळी थोडेच कागद पसरता येतात.

मेज पूर्ण भरले म्हणजे काय होते? संगणक प्रथम काही कागद तात्पुरते कपाटात हलवितो. त्यामुळे काम चालू राहते, परंतु अतिशय मंदावते. एवढ्यानेही भागले नाही, तर लिनक्स या सर्वत्र प्रचलित कार्यप्रणालीत एक कठोर उपाय योजलेला आहे. चालू असलेल्या कामांपैकी बहुधा सर्वांत अधिक स्मृती व्यापणारे काम निवडून ते तत्क्षणी बंद केले जाते. लहान सर्व्हरवर सर्वांत मोठे काम म्हणजे बहुधा माहितीचे भांडारच असते. ज्याच्यासाठी सर्व्हर ठेवला तेच काम अशा रीतीने प्रथम बळी पडते.

येथेच आपल्या विषयाचा गाभा आहे. सर्व्हरवर लक्ष ठेवण्यासाठी बसविलेली आज्ञावलीही त्याच मेजावर जागा मागते. ती अवाढव्य असेल, तर तिच्याच भाराने सर्व्हर कोलमडतो, आणि तो कोलमडल्याची वार्ता देण्यासही कोणी उरत नाही. कुंपणानेच शेत खाल्ले तर तक्रार कोणाकडे करावी, असा हा प्रकार होय. म्हणून पहिला नियम असा की, देखरेखीचा खर्च आधी ठरवावा आणि साधन मागाहून निवडावे. आमच्या मते लहान यंत्रावर देखरेखीच्या सर्व कामांनी मिळून एकूण स्मृतीच्या शेकडा पाच भागांहून अधिक जागा घेऊ नये. ५१२ मेगाबाइटच्या यंत्रावर ही मर्यादा सुमारे २५ मेगाबाइट येते.

तारेने शिकविलेला धडा

थोडक्यात संदेश पाठविण्याची विद्या आपल्याला नवी नाही. भारतात १८५५ साली जनतेसाठी खुली झालेली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दीडशेहून अधिक वर्षांच्या या काळात तारेच्या प्रत्येक शब्दाला मोल असे, त्यामुळे माणसे नेमके लिहिण्यास शिकली. शुभेच्छांच्या तारांसाठी तर ठरावीक वाक्यांना क्रमांकच दिलेले असत. पाठविणाऱ्याने क्रमांक सांगावा, तारेवरून तेवढाच क्रमांक जावा, आणि पोहोचल्या ठिकाणी पूर्ण वाक्य लिहून द्यावे अशी ती पद्धत होती. वाटेवरचा भार कमी होई आणि वाचणाऱ्याला मजकूर पूर्ण मिळे.

हेच तत्त्व आधुनिक काळात पर्जन्यमापनात उतरलेले दिसते. १९८८ साली अवर्षण संनियंत्रण कक्ष म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती संनियंत्रण केंद्र या नावाने वाढलेल्या संस्थेने ग्रामपंचायत पातळीपर्यंत सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली. ही उपकरणे सौरऊर्जेवर चालतात आणि भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून दर १५ मिनिटांनी मोजमाप पाठवितात. एका उपकरणाचे दिवसाला ९६ संदेश होतात. सहा हजार उपकरणांचे मिळून रोजचे ५ लाख ७६ हजार संदेश झाले. यातील प्रत्येक संदेश लांबलचक असता, तर उपकरणाची विद्युतघट, जाळे आणि मध्यवर्ती सर्व्हर या तिहींवर भार पडला असता. स्थानक कोणते, वेळ कोणती, पाऊस किती, एवढ्या मोजक्या गोष्टींनी काम भागते.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. प्रत्येक तबकडीपाशी असलेली नियंत्रक उपकरणे तिची स्थिती मध्यवर्ती कक्षाला कळवितात, आणि अभियंते तेथे बसून सर्व तबकड्यांवर नजर ठेवतात. गावचे पर्जन्यमापक असो वा जगन्मान्य दुर्बीण, दूरच्या यंत्राने थोडक्यात सांगावे आणि विचाराचे जड काम मध्यवर्ती ठिकाणी व्हावे, हीच रीत उपयोगी पडते.

उपलब्ध साधनांची ओळख

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. वापरातील साधनांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतील.

पहिला वर्ग साध्या नोंदवहीचा. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात सिसलॉग ही पद्धत निर्माण केली. यंत्रात घडणारी प्रत्येक उल्लेखनीय घटना एका ओळीत लिहावयाची आणि ती ओळ दुसऱ्या यंत्राकडे धाडावयाची, एवढेच तिचे स्वरूप. बहुतेक लिनक्स यंत्रांवर ती सहज उपलब्ध असते आणि तिला स्मृतीही फार थोडी लागते. मात्र तिच्या मूळच्या पद्धतीत पोच मिळत नाही. ओळ वाटेत हरवली तर ती हरवल्याचेही कळत नाही. १९८८ साली निश्चित झालेली एसएनएमपी ही पद्धतही याच पठडीतली आहे. जाळ्यातील जोडयंत्रे आणि वीजपुरवठा सांभाळणारी उपकरणे यांची विचारपूस करण्यासाठी ती आजही सोयीची ठरते.

दुसरा वर्ग हलक्या टपालघराचा. यातील प्रमुख पद्धत एमक्यूटीटी होय. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या अभियंत्यांनी १९९९ साली तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी ती आखली. ओसाड प्रदेशातून जाणाऱ्या वाहिनीची मोजमापे उपग्रहामार्फत आणावयाची होती, आणि उपग्रहावरील प्रत्येक बाइट महाग होता. त्यामुळे या पद्धतीत संदेशाचे ठरावीक वेष्टन अवघ्या दोन बाइटांपासून सुरू होते. मध्यभागी एक टपालघर असते. लहान यंत्रे विषयाचे नाव घालून त्याच्याकडे संदेश देतात, आणि ज्यांनी त्या विषयाची मागणी नोंदविली असेल त्यांना तो पोहोचविला जातो. संदेश एकदाच धाडून मोकळे व्हावे, पोच मिळेपर्यंत पुन्हा धाडावा, की तो नेमका एकदाच पोहोचेल अशी खात्री करावी, असे तीन स्तर निवडता येतात. २०१४ साली या पद्धतीला मानकाचा दर्जा मिळाला. मॉस्किटो या नावाची टपालघराची मुक्त आज्ञावली लहानशा यंत्रावरही मोजक्या मेगाबाइटांत चालते.

तिसरा वर्ग टपालघराविना थेट भेटीचा. झीरोएमक्यू ही आज्ञांची एक पेटी असून ती आपल्या आज्ञावलीतच जोडली जाते. वेगळे टपालघर न लागल्यामुळे स्मृती वाचते. परंतु कोण कोठे आहे, कोण अनुपस्थित आहे, याची व्यवस्था आपणच लिहावी लागते. ज्या ठिकाणी अनुभवी आज्ञावलीकार आहे तेथेच हे साधन शोभते.

चौथा वर्ग मोठ्या पेढ्यांचा. काफ्का आणि रॅबिटएमक्यू ही या वर्गातील नामांकित साधने होत. लाखो संदेश साठवून ठेवणे, ते पुन्हा वाचणे, अनेक यंत्रांत वाटणे ही कामे ती उत्तम रीतीने करतात. परंतु काफ्काच्या सर्व्हरला सुरुवात करून देणारी आज्ञाच, दुसरे काही सांगितले नसेल तर, एक गिगाबाइट स्मृती स्वतःसाठी मागते. म्हणजे आपल्या दुबलगुंडीच्या सर्व्हरच्या एकूण स्मृतीच्या दुप्पट. साधन थोर असले, तरी बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जोडता येत नाही. या दोन टोकांच्या मधे नॅट्स व रेडिस ही साधने येतात. नॅट्स आटोपशीर आहे. रेडिस सर्व माहिती स्मृतीतच ठेवते, आणि त्याच्या साध्या प्रसारणपद्धतीत त्या क्षणी उपस्थित नसलेल्या श्रोत्याचा संदेश कायमचा हरवतो, हे ध्यानात ठेवावे.

निवडीच्या कसोट्या

साधन निवडताना पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा : हे साधन निवांत असताना किती स्मृती घेते आणि गर्दीच्या वेळी किती? वाखाणणीवर विसंबून न राहता प्रत्यक्ष मोजमाप करावे. लिनक्स यंत्रावर 'फ्री' आणि 'टॉप' या आज्ञा दिल्या असता स्मृतीचा हिशेब पडद्यावर दिसतो. साधन बसविण्यापूर्वी, बसविल्यानंतर आणि आठवडाभराने अशी तीन वेळा नोंद घ्यावी. तिसरी नोंद दुसरीहून सतत वाढत असेल, तर ते साधन स्मृती घेते पण परत करीत नाही असा संशय घ्यावा.

दुसरा प्रश्न : जोडणी तुटल्यास न गेलेले संदेश कोठे साचतात? हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही, आणि घात येथेच होतो. रात्रभर जाळे बंद राहिले आणि दर मिनिटाचे संदेश स्मृतीत साचत गेले, तर पहाटेपर्यंत मेज भरून जाते. म्हणून साचणाऱ्या संदेशांना कमाल मर्यादा घालता आली पाहिजे. मोजमापांच्या बाबतीत जुने टाकून ताजे ठेवावे, कारण मध्यरात्रीचे तापमान सकाळी कोणाला फारसे लागत नाही. धोक्याच्या सूचना मात्र मोजक्या असतात, त्या साठवणीत लिहून जपाव्यात.

तिसरा प्रश्न : संदेश किती आणि केवढे? दर मिनिटाला एक असे दिवसाचे १,४४० संदेश होतात. प्रत्येक ४० बाइटांचा असेल, तर मजकूर ५७,६०० बाइट होतो. तोच प्रत्येकी हजार बाइटांचा केला, तर १४ लाख ४० हजार बाइट होतो. सांगावयाची गोष्ट मात्र तीच राहते. अनेकदा दर मिनिटाऐवजी दर पाच मिनिटांनी मोजणेही पुरेसे असते.

चौथा प्रश्न सुरक्षिततेचा. संदेश गुप्तलेखनाने झाकलेले असावेत आणि टपालघराला परवलीचा शब्द असावा. त्यासाठी काही स्मृती अधिक लागते, परंतु हा खर्च वाचवू नये. तसेच देखरेखीच्या संदेशात नागरिकांची नावे, क्रमांक वा अर्जातील मजकूर कधीही घालू नये. यंत्राची प्रकृती कळविण्यास त्यांची आवश्यकता नाही.

पाचवा प्रश्न : हे साधन उद्या दुरुस्त कोण करील? ज्याची माहिती तालुक्यातील एकाही कर्मचाऱ्याला नाही, ते साधन कितीही हलके असले तरी अखेर जडच ठरते.

लिपीचा खर्च

बहुभाषिक सीमाभागात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. भ्रमणध्वनीवरील एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरे बसतात, परंतु देवनागरी किंवा कन्नड लिपीत केवळ ७० खुणा बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी यांची प्रत्येकी स्वतंत्र खूण मोजली जाते. 'दुबलगुंडी येथील संगणकाची ८८ टक्के स्मृती व्यापली गेली असून साठवण ७१ टक्के भरली आहे' हे साधे वाक्य ऐंशीहून अधिक खुणांचे आहे, म्हणजे त्याला दोन लघुसंदेश लागतात. संगणकांच्या जाळ्यात रूढ असलेल्या लेखनपद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, त्यामुळे तेच वाक्य सुमारे २२० बाइटांचे होते. स्थानकाचा संकेत आणि दोन आकडे एवढेच धाडल्यास वीस बाइट पुरतात.

याचा अर्थ मराठी वा कन्नड सोडून द्यावी असा कोणी घेऊ नये. तारेच्या शुभेच्छांप्रमाणे वाटेवर संकेत जावा आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर त्याचे वाक्य व्हावे. संकेत एकच असल्यामुळे हुमनाबादच्या कर्मचाऱ्याला ते वाक्य कन्नडमध्ये आणि सोलापूरच्या सहकाऱ्याला मराठीत दाखविता येते. वाक्ये घडविण्याचे काम मोठ्या स्मृतीच्या मध्यवर्ती यंत्राने करावे.

शांतता म्हणजे क्षेम नव्हे

देखरेखीतील सर्वांत मोठा भ्रम म्हणजे, काही वार्ता आली नाही त्या अर्थी सर्व कुशल असावे, हा होय. वीज गेली, यंत्र बंद पडले, किंवा देखरेखीची आज्ञावलीच मृत झाली, तरी शांतताच असते. म्हणून यंत्राने ठरावीक अंतराने 'मी चालू आहे' एवढे तरी सांगितले पाहिजे, आणि ते ऐकू न आल्यास दुसऱ्या टोकाने धोक्याची घंटा वाजविली पाहिजे. गावच्या जागल्याची हाक एखाद्या रात्री ऐकू आली नाही, तर जाणती माणसे उठून पाहत असत. रीत तीच आहे.

एमक्यूटीटी पद्धतीत यासाठी मृत्युपत्राची सोय केलेली आहे. यंत्र जोडणी करतानाच आपला अखेरचा संदेश टपालघराकडे ठेवून देते. किती अवधीत आपण काही ना काही बोलू, हेही ते सांगते. त्या अवधीच्या दीडपट काळ लोटूनही आवाज आला नाही, तर टपालघर जोडणी तोडून तो अखेरचा संदेश प्रसिद्ध करते. अवधी ६० सेकंदांचा ठेवल्यास ९० सेकंदांत यंत्र मूक झाल्याचे कळू शकते. यासाठी अर्थातच टपालघर वेगळ्या यंत्रावर, शक्य तर वेगळ्या ठिकाणी असावे. ज्या घरावर पहारा ठेवावयाचा त्याच घरात पहारेकऱ्याला कोंडून ठेवणे उपयोगाचे नाही.

याउलट, क्षुल्लक कारणासाठी वारंवार सूचना धाडणेही घातक ठरते. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. रोज पन्नास सूचना येऊ लागल्या की कर्मचारी त्या वाचणे सोडून देतो. स्मृती क्षणभर वाढली तर सूचना नको, ती सलग दहा मिनिटे शेकडा नव्वदांहून अधिक राहिली तरच द्यावी, असे नियम बांधावेत. प्रत्येक सूचनेबरोबर कोणी काय करावयाचे हेही आधी ठरलेले असावे.

काय करता येईल

वरील विवेचनावरून आपल्या नमुन्याच्या गावासाठी पुढील योजना सुचविता येईल. गावातील यंत्रावर एक लहान आज्ञावली ठेवावी. तिने दर पाच मिनिटांनी स्मृती, साठवण आणि वीजपुरवठा यांचे आकडे एमक्यूटीटी पद्धतीने पाठवावेत. टपालघर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या यंत्रावर असावे, तेथेच आलेख, मराठी व कन्नड वाक्ये आणि लघुसंदेश तयार व्हावेत. यंत्रातील घटनांची नोंद सिसलॉगने करावी. साचणाऱ्या संदेशांना मर्यादा घालावी. माहितीच्या भांडाराला स्मृती अपुरी पडल्यास ते प्रथम बळी पडू नये, अशी तजवीज लिनक्समध्ये करता येते, तीही करावी.

शिक्षकांना यातून एक उत्तम प्रात्यक्षिक घेता येईल. शाळेतील जुन्या संगणकावर प्रथम 'फ्री' आज्ञेने स्मृती मोजावी, मग एक जड आणि एक हलके साधन आळीपाळीने चालवून फरक फळ्यावर मांडावा. शेवटी जोडणीची तार काढून टाकावी आणि दुसऱ्या यंत्राला ते किती वेळाने कळते, हे घड्याळ लावून पाहावे. विद्यार्थ्यांना गणित, विज्ञान आणि काटकसर यांचा धडा एकाच तासात मिळेल.

अधिकाऱ्यांनी नवीन यंत्रणा स्वीकारताना तिचे गुण ऐकावेतच, पण ती किती स्मृती घेईल, जोडणी तुटल्यावर काय करील आणि मूक झाल्यास कोणाला कळेल, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. ग्रामस्थांनीही 'सर्व्हर डाउन आहे' या उत्तरावर समाधान न मानता, तो केव्हापासून बंद आहे आणि वरिष्ठांना ते कळले आहे काय, असे नम्रपणे विचारावे. देखरेख नीट असलेल्या ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर खिडकीवरील कर्मचाऱ्यापाशी तयार असेल, आणि दूरच्या वाडीवरून आलेल्या माणसाला 'उद्या या' ऐवजी 'दोन तासांनी या' असे खात्रीने सांगता येईल.